लांकडाचें माप

धानोऱ्यासारख्या जंगलमुलखांत राहून लांकूड मोजतां न येणें ही आमच्या मतें लाजेची गोष्ट आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतला साग २०२३ सालीं बल्लारपुराहून अयोध्येच्या मंदिराकरितां गेला, याचा अभिमान सर्वांस. पण घरची चौकट करवितांना सुतार सांगेल तो आंकडा आम्ही मुकाट्यानें मान्य करतों!

हिशेब तर सोपा. ओंडक्याचा मधला घेर फुटांत घ्यावा, त्याच्या चौथाईचा वर्ग करून लांबीनें गुणावें. घेर ४ फूट, लांबी १० फूट, तर माल १० घनफूट. वस्तुतः त्या ओंडक्यांत पावणेतेरा घनफूट लांकूड असतें; उरलेलें चिराईंतील तुटीपोटीं सोडलेलें. चिरीव मालास ही सूट नाहीं. म्हणून दर गोल मापाचा कीं चिरीव मापाचा, हें आधीं विचारावें. फसगत होते ती येथेंच.

७ फूट उंच, ३ फूट रुंद चौकटीस चारी बाजू मिळून २० फूट लांकूड लागतें. जाडी ४ इंच बाय ३ इंच असल्यास १२ नें भागावें: १⅔ घनफूट. पालकहो, पुढील खरेदीस जातांना फीत मुलाच्या हातीं द्या, आणि तो आंकडा सांगेपर्यंत पैशाची पिशवी सोडूं नका.