दरीत उतरलेली कचेरी

गेल्या नाताळात माझा भाचा पुण्याहून केजला आला, तेव्हा त्याच्या पाठीवर एक अवजड पिशवी होती आणि पिशवीच्या वरच्या कप्प्यात एक छापील कागद. पिशवीत दोर, हेल्मेट, कमरेला बांधायचे पट्टे आणि लोखंडी कड्या होत्या. कागद त्याच्या कंपनीचा होता. वर्षारंभी प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या 'व्यक्तिगत प्रगती'ची उद्दिष्टे लिहून द्यायची आणि वर्षअखेरीस ती कितपत साधली याला वरिष्ठांनी गुण द्यायचे, अशी तिथली रीत. भाच्याने तीन उद्दिष्टे लिहिली होती. पहिले, संगणकाची एक नवी भाषा शिकणे. दुसरे, दरमहा एक पुस्तक वाचणे. तिसरे, सांदण दरी आणि तशाच आणखी पाच दऱ्या उतरून 'नेतृत्वगुण व जोखीम पत्करण्याची क्षमता' वाढवणे.

मी तो कागद दोनदा वाचला. सहा दऱ्या, आणि त्यांना गुण!

माझ्या बहिणीची तक्रार वेगळीच होती. तिच्या मते कागदात काही वावगे नव्हते. उलट मुलगा पुढे जातो आहे याचा तिला अभिमान होता. तिचे दुःख एवढेच की या दऱ्यांपायी त्याचा रविवारचा मिस्सा चुकतो. तिने मला पंच नेमले. मी दोघांच्याही विरुद्ध निकाल दिला. ताई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तो निकाल आणि त्यामागची कारणे सुज्ञ वाचकांपुढे ठेवावीत असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

आधी ताईचा आरोप. डोंगरदऱ्यांच्या नादाने आमची तरुण मुले चर्चपासून दुरावली, असे अलीकडे अनेक धर्मग्रामांत बोलले जाते. बोलणाऱ्यांना ख्रिस्तसभेचा स्वतःचा इतिहास ठाऊक नसावा. परमगुरू पायस अकरावे हे पोपपदी येण्यापूर्वी निष्णात गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी मोंते रोझा हे आल्प्समधील शिखर त्याच्या अवघड पूर्व बाजूने सर केले, आणि १९२३ साली पोप या नात्याने संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. १९५८ साली सहायक बिशप म्हणून नेमणूक झाल्याचा निरोप आला, तेव्हा कारोल वोयतिवा नावाचे तरुण धर्मगुरू विद्यार्थ्यांबरोबर होडीच्या सहलीवर होते. पुढे हेच जॉन पॉल दुसरे झाले. उलटी ठेवलेली होडी हीच वेदी करून ते मिस्सा अर्पण करीत. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी रोममध्ये ज्यांना संतपद देण्यात आले, ते पिएर जॉर्जो फ्रासाती तर खाणकाम अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि डोंगरवेडे. दोर खांद्यावर टाकण्यापूर्वी मिस्सा, हा त्यांचा परिपाठ होता. मग अडचण डोंगराची कशी? रविवारची बंधनपूर्ती आदल्या संध्याकाळच्या मिस्सानेही होते, हे १९८३ च्या धर्मविधिसंहितेत स्पष्ट लिहिले आहे. ज्यांच्या घरच्या साखरपुड्यांनी आणि वास्तुशांतीच्या जेवणांनी आजवर कितीतरी रविवारच्या सकाळी गिळल्या, त्यांनी पोरांच्या पाठपिशव्यांकडे बोट दाखवू नये.

परंतु फ्रासाती यांचे नाव घेतले की माझा भाचाही खुलतो. "बघा मामा, मी म्हणत नव्हतो?" तेव्हा त्याच्याकडे वळणे भाग आहे.

सांदण दरी मी पाहिलेली नाही. भाच्याने सांगितली तेवढी मला ठाऊक आहे. अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळ, रतनगडाच्या शेजारी, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला एक भेग पडली आहे. सुमारे दोन किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना शेकडो फुटांचे कडे, आणि मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरावे तर दोन्ही भिंतींना लागावेत. आत ऊन क्षणभर येते. वाटेत गार पाण्याचे डोह आहेत. ते हिवाळ्यातही कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत भिजवतात. पुढे कातळ तुटतो आणि दोरावरून उतरावे लागते. शेवटी माणूस घाटमाथ्यावरून थेट कोकणात, शहापूरच्या बाजूला पोचतो. पावसाळ्यात तिथे जाणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण वर पडलेला सारा पाऊस याच भेगेने खाली धावतो. अशी जागा निर्माण करणाऱ्याचे आभार मानावेत की तिथे गप्प बसावे, असा प्रश्न मला ऐकूनच पडला.

भाच्याचे वेळापत्रक मात्र असे: शनिवारी दुपारपर्यंत कंपनीचे काम, कारण सुट्टी असली तरी परदेशी ग्राहक जागा असतो. रात्री अकराला शिवाजीनगरहून बस. उजाडण्यापूर्वी साम्रद. चहा-पोहे. दरीत रांग, कारण अशाच इतर बसही आलेल्या. दोराजवळ एकेकाची पाळी, प्रत्येकाचे छायाचित्र, मनगटावरच्या घड्याळात पावलांचा हिशेब. रविवारी मध्यरात्रीनंतर पुणे, आणि सोमवारी सकाळी नऊला पुन्हा कचेरी. टॉवर मिळेनासा होईपर्यंत फोन चालू, आणि कोकणात उतरताच पुन्हा चालू. मंगळवारी त्या छायाचित्रांसह एक छोटे निवेदन वरिष्ठांना: या सहलीतून मी काय शिकलो.

मी विचारले, "काय शिकलास?"

तो हसला. म्हणाला, "सांघिक भावना, मामा."

आता वाचकांनीच सांगावे, या मुलाला सुट्टी मिळाली कधी? सोमवार ते शनिवार तो कचेरीत होता आणि रविवारी कचेरी त्याच्या पाठीवर बसून दरीत उतरली. कचेरी आणि डोंगर यांचा तोल कसा साधावा, यावर आजकाल व्याख्याने होतात, शिबिरे भरतात. तोल साधायला दोन पारडी लागतात. इथे दोन्ही पारड्यांत एकच वस्तू ठेवलेली आहे.

'आत्मविकास' या शब्दाविषयी मला आकस नाही. आमच्या पिढीतील अनेकांनी रात्रशाळेत शिकून, कंदिलाच्या उजेडात टंकलेखनाच्या परीक्षा देऊन स्वतःला घडविले. परंतु ज्या विकासाचे गुण दुसरा देतो आणि ज्याचा लाभ अखेर दुसऱ्याच्या ताळेबंदात जमा होतो, त्याला 'आत्म' हा उपसर्ग लावू नये, एवढीच विनंती. फ्रासाती आणि त्यांचे सवंगडी डोंगरावर गेले ते मजेसाठी. आपल्या टोळीला त्यांनी गमतीने 'संशयित इसम' अशा अर्थाचे नाव दिले होते. खाणकाम त्यांनी निवडले ते खाणीतल्या मजुरांच्या सेवेसाठी, आणि ट्रामचे भाडे गरिबाला देऊन ते घरी पायी, बहुधा धावतच, परतत. १९२५ साली वयाच्या २४ व्या वर्षी ते वारले. या आयुष्यात कुठे उद्दिष्टांचा कागद आढळतो?

रविवारची सुट्टी आकाशातून पडलेली नाही, हेही या मुलांना कोणी सांगत नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याचे सातही दिवस भोंगा वाजे. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि त्यात पहिली मागणी ठेवली ती आठवड्यातून एक दिवस सुट्टीची. सहा वर्षे गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. परमगुरू लिओ तेरावे यांचे श्रमिकांविषयीचे प्रसिद्ध परिपत्रक, ज्यात साप्ताहिक विश्रांतीचा हक्क आग्रहाने सांगितला आहे, ते त्यानंतर वर्षभराने, मे १८९१ मध्ये निघाले. आपल्या मराठी माणसाने रोमच्या एक वर्ष आधी रविवार मिळविला, याचा अभिमान आम्हा मराठी कॅथलिकांना जरा अधिकच वाटायला हवा.

आणि आज? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांचे म्हणणे पुढे आले ते ९० तासांचे, आणि रविवारीही तुम्हाला कामाला लावता येत नाही याची खंत त्यांनी बोलून दाखविली. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहाल, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर देशभर टीका झाली, ते बरेच झाले. पण निदान ते उघड बोलले. रविवार सरळ मागणाऱ्याला 'नाही' म्हणता येते. तोच रविवार 'तुमच्याच प्रगतीसाठी' म्हणून मागणारा कागद अधिक धोक्याचा, कारण त्याला नकार देणारा माणूस स्वतःलाच आळशी समजू लागतो.

इथे मला माझाही दोष कबूल केला पाहिजे. मी केजमध्ये एका सरकारी कचेरीत तीस वर्षे कारकुनी केली. मार्चअखेरीचे कितीतरी रविवार मी नोंदवह्यांवर घालविले आणि त्याचा मला गर्व होता. साहेब 'रविवारीही येणारा माणूस' म्हणून माझी ओळख करून देत. त्या रविवारांत मिस्साही बुडाले, मुलीच्या पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराची तयारीही बुडाली, आणि त्याबद्दल ताईने किंवा धर्मग्रामातील कोणीही मला कधी हटकले नाही. कचेरीसाठी बुडालेला मिस्सा क्षम्य, दरीसाठी बुडालेला मात्र पाप! २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्याच्या सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. माझ्या जागेवर आलेल्या मुलाला मी विचारले, शनिवारी काय करतोस? म्हणाला, राहिलेली कामे.

केजमध्ये बसून हे लिहिताना खिडकीबाहेरची एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. दसरा झाला की आमच्या तालुक्यातील वाड्या-तांडे रिकामे होतात. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायचा. एक दिवस कामावर न जाणे म्हणजे खाडा, आणि खाड्याला दंड. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडू नये ही भीती त्यामागच्या कारणांत होतीच. लोखंड्यांचा रविवार १३५ वर्षांत केज तालुक्याच्या या वेशीपर्यंत पोचलेला नाही. भाच्याच्या कागदाची आणि या कोयत्याची तुलना करणे अन्यायाचे आहे, हे मी जाणतो. त्याचा पगार त्या जोडीच्या साऱ्या हंगामाच्या कमाईहून मोठा असेल. तरी ज्याच्या हाती रविवार आहे त्याने तो हसत हसत परत करावा, याचे मला अधिक वाईट वाटते ते यामुळेच.

मार्कच्या शुभवर्तमानात शिष्य दमून परततात. त्यांना जेवायलाही सवड नसते, तेव्हा प्रभू येशू त्यांना एकांतात विसाव्यासाठी बोलावतो. पुढे काय झाले हे आपण प्रवचनात सहसा ऐकत नाही: लोक किनाऱ्याने चालत आधीच तिथे पोचले होते, आणि प्रभूला त्यांचा कळवळा आला. शिष्यांना विसावा मिळाला तो होडीतल्या प्रवासापुरता. पण त्या होडीत त्यांच्या हाती कोणी उद्दिष्टपत्रक दिले नव्हते. १९९८ साली जॉन पॉल दुसरे यांनी प्रभूच्या दिवसाविषयी जे पत्र लिहिले, त्यात रविवार आणि नुसता 'वीकेंड' यांची गल्लत करू नका, असे बजावले आहे. आज ते असते तर वीकेंड आणि कचेरी यांची गल्लत करू नका, हेही त्यांना सांगावे लागले असते.

नाताळानंतरच्या शनिवारी मी भाच्याला सौताड्याला नेले. मांजरसुंब्याहून पाटोद्यावरून रस्ता आहे. बालाघाटाचे पठार एकाएकी फाटते आणि विंचरणा नदी खाली झेपावते. तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. डिसेंबरात धार बारीक असते. आयुष्य या जिल्ह्यात काढूनही मी ही दरी प्रथम पाहिली ती निवृत्तीनंतर. कपिलधार, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीखालची दरी, सारे अंगणात असल्यासारखे. पण मी त्यांच्या बाजूने गेलो तो फक्त कचेरीच्या दौऱ्यावर. भाच्याने सवयीने दोर आणला होता. तो गाडीतच राहिला. आम्ही पायऱ्यांनी उतरलो, भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि तो खडकावर दोन तास झोपला. फोन मी मागून घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही मिस्साला गेलो.

परतताना मी त्याला म्हटले, तिसरे उद्दिष्ट खोडून टाक. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, ती ओळ खोडली तर गुण कमी होतात, गुण कमी झाले की पगारवाढ अडते. घराचा हप्ता माझ्या नावावर आहे. तुमचे पेन्शन आहे."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि माझा राग म्हणूनच भाच्यावरून त्या कागदावर गेला आहे. एकटा मुलगा ती ओळ खोडू शकत नाही. पन्नास मुलांनी मिळून ती कोरी ठेवली तर वरिष्ठांना विचार करावा लागेल. लोखंड्यांनीही एकट्याने अर्ज केला नव्हता. पुण्यामुंबईच्या धर्मग्रामांत अशा नोकरदार मुलांची संख्या लहान नाही. त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळचा मिस्सा ठेवावा, आणि मिस्सानंतर चहापाशी हा विषय निघावा. निदान आमच्यासारख्या थोरांनी त्यांना दरीबद्दल रागावणे थांबवावे आणि कागदाबद्दल विचारावे.

भाचा फेब्रुवारीत पुन्हा येणार आहे. त्या महिन्यात विंचरणेला फारसे पाणी नसते, पण आमचे जायचे ठरले आहे. ताईही येते म्हणते. तिच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपतील की नाही, याची तेवढी चिंता आहे.