आकडीची गोळी आणि पोटातल्या बाळाचा मज्जारज्जू

सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध बाळंतपणाच्या वयातील मुली व स्त्रियांना देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालील स्त्री-पुरुषांना ते नव्याने सुरू करायला दोन तज्ज्ञांची संमती लागते. आपल्याकडे मात्र आकडी, मानसिक आजार आणि अर्धशिशीसाठी ते आजही दिले जाते.

धोका किती?

गरोदरपणात हे औषध घेतल्यास १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळते. पाठीचा कणा उघडा राहणे हे त्यांतले एक. ३० ते ४० मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात किंवा वागण्यात अडचणी येतात.

असे का होते?

मज्जापेशी ग्लुटामेट, गाबा अशा रसायनांनी एकमेकींशी बोलतात. रसायन ही किल्ली, तर पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप. पण ही कुलपे केवळ निरोपासाठी नसतात. पेशींची जोडणी होण्याआधीच ती मज्जारज्जूच्या घडणीत भाग घेतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१८ मध्ये बेडकाच्या भ्रूणांत हे दाखवले. ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर अडवल्यावर मज्जानळी नीट मिटली नाही. ते चालू केल्यावर व्हॅल्प्रोएटमुळे होणारे व्यंग कमी झाले. हा माणसासाठीचा उपचार नव्हे, पण औषध कुठे घाव घालत असावे याचा एक धागा त्यातून मिळतो.

माणसात मज्जानळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

तुम्ही काय करावे?

- गोळी स्वतःहून बंद करू नका. जोराची आकडी आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.
- पाकिटावरचे नाव वाचा. व्हॅल्प्रोएट असेल, तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटा. लेव्हेटिरासिटॅम किंवा लॅमोट्रिजिनमध्ये हा धोका बराच कमी असतो.
- फॉलिक ॲसिड आधीपासून घ्या, मात्रा डॉक्टरांना विचारा. मात्र त्याने व्हॅल्प्रोएटचा धोका पुरता टळत नाही.
- लोणखेडा-शहादा भागातून मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणे लांब पडत असेल, तर आरोग्य केंद्रात ई-संजीवनीवरून सल्ल्याबद्दल विचारा.

लग्न ठरताना मुलीची आकडी लपवली, तर सासरी गोळ्याही लपवाव्या लागतात किंवा सुटतात. औषध बदलायला काही महिने लागू शकतात, म्हणून हे बोलणे लग्नाआधीच व्हायला हवे.