गरिबी मोजतो कोण?



सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला पैसा आता नको, असं भारत सरकारने मार्च १९९३ अखेर सांगून टाकलं. १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं हे कर्ज ठरलं, तेव्हा मणिबेलीच्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. जून १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने सांगितलं, आहे त्या परिस्थितीत उठवलेल्या लोकांचं पुनर्वसन होऊच शकत नाही, बँकेने मागे हटावं. तरी ऑक्टोबरात बँकेच्या संचालकांनी अटी घालून सहा महिने दिले. ती मुदत संपायच्या तोंडावर सरकारनेच हात काढला. धरणाचं काम मात्र तेव्हा थांबलं नाही. म्हणून पेढे वाटायची घाई नको.

ही बँक म्हणते, गरीब देशांची गरिबी घालवणं हे आमचं काम. १९७३ साली तिचे अध्यक्ष मॅकनामारा नैरोबीत तसं बोलले. बोलणं चांगलंच असेल. पण बँकेत ज्या देशाचा पैसा जास्त त्याचं मत जास्त. गरिबाच्या नावाने दुकान, आणि गल्ल्यावर सावकार!

आणि गरिबी मोजतात कशात? पैशात. अक्राणीच्या डोंगरातलं घर घ्या. ज्वारी-मका शेतातला, मोहफुलं, चारोळी, डिंक जंगलातला, मासे नर्मदेचे. लाकूड, बांबू, औषधाची मुळी विकत आणावी लागत नाही, म्हणून कागदावर त्याची किंमत सहज सुटून जाऊ शकते. हेच घर उठवलं आणि ऊसतोडीला गेलं, की हातात मजुरीच्या नोटा येतात. झालं, उत्पन्न वाढलं! आता ज्वारी विकत, सरपण विकत, पोरांची शाळा सुटली, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

जमिनीचंही तसंच. १९७९ च्या लवादाने जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायला सांगितलं. पण आजा-पणजापासून कसलेली जंगलातली जमीन सात-बारावर नाही, म्हणून आपण अतिक्रमणदार ठरलो. आधी कागद दिला नाही, मग कागद मागितला.

त्यांचा हिशेब त्यांच्याकडे, आपला आपण करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक घराने वर्षभरात जंगलातून, नदीतून काय काय आणलं, किती पायल्या, किती भारे, ते लिहून आणावं. बायांना विचारून लिहा, त्यांनाच खरं माहीत असतं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. दारूला गेलेला मोहसुद्धा लिहा, लाजू नका.