नंबराची पाटी आणि माणसाचा चेहरा

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात अँडीज पर्वतावर मोरोकोचा नावाचे खाणींचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंच. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक ठेवाव्यात, एवढ्या उंचीवर, विरळ हवेत आणि कडाक्याच्या थंडीत तिथली माणसे तांबे आणि चांदी खणत होती. या गावाच्या जुन्या छायाचित्रांविषयी आज लिहायचे आहे. आंबेडकरी वाचक विचारील, पेरूच्या डोंगराशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

या खाणी अमेरिकन भांडवलावर १९०२ मध्ये उभ्या राहिलेल्या सेरो दे पास्को कंपनीच्या होत्या. खाणीत उतरणारे मजूर मात्र त्या भूमीचे मूळ रहिवासी, केचुआ भाषिक शेतकरी होते. ते खाणीत कसे आले? आपल्याकडे ऊसतोड कामगाराला मुकादम उचल देतो आणि मग तो माणूस हंगामभर बांधला जातो. हुबेहूब तीच पद्धत तिथे होती. कंत्राटदार गावात जाऊन आगाऊ रक्कम हातावर ठेवायचा, कागदावर अंगठा घ्यायचा आणि कर्ज फिटेपर्यंत माणूस खाणीचा व्हायचा. १९२२ मध्ये कंपनीने जवळच्या ला ओरोया येथे धातू वितळवण्याचा मोठा कारखाना सुरू केला. त्याच्या विषारी धुराने आसपासची कुरणे जळाली, जनावरे मेली. पुढे त्याच नासलेल्या जमिनी कंपनीने विकत घेतल्या. जमीन गेल्यावर शेतकऱ्याला खाणीशिवाय दुसरा रस्ता उरतो का?

१९२८ मध्ये सेबास्टियन रॉड्रिग्ज नावाचा छायाचित्रकार मोरोकोचात आला आणि त्याने तिथे स्टुडिओ थाटला. तो हुआनकायोचा, म्हणजे त्याच डोंगराळ मुलखातला. खाणीतले कितीतरी मजूरही त्याच भागातून आलेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गावालगतच्या तलावाचे पाणी खाणीत घुसले आणि वीसहून अधिक माणसे आतच गेली. अशा गावात रॉड्रिग्जने १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तब्बल चाळीस वर्षे काम केले.

त्याच्याकडे कंपनीचे एक काम होते. कामावर घेतलेल्या मजुराचा ओळखपत्रासाठी फोटो काढायचा. मजूर कॅमेऱ्यासमोर उभा, हातात नंबराची पाटी, नजर समोर. तुरुंगात कैद्याचा फोटो काढतात ना, तसाच! कंपनीला माणूस नको होता, तिला नंबर हवा होता. हजेरी लावायला, पगारातून कर्ज कापायला, आणि संप केला तर शोधून काढायला.

परंतु तोच रॉड्रिग्ज, त्याच कॅमेऱ्याने, त्याच माणसांचे दुसरे फोटोही काढत होता. हे फोटो मजूर स्वतःच्या पैशाने काढून घेत. नवविवाहित जोडपे, लेकराबाळांसह कुटुंब, सणाची मिरवणूक, दिवे घेऊन उभी असलेली मजुरांची टोळी, आणि अंत्यसंस्काराला जमलेले शोकाकुल आप्त. ओळखपत्रावरचा नंबर इथे नवरा असतो, बाप असतो, कुणाचा तरी मित्र असतो. स्वच्छ कपडे घालून, ताठ मानेने तो आपली नोंद करून ठेवतो.

काही विद्वान म्हणतील, छायाचित्रकार कंपनीचा पगार घेत होता, मग त्याचे फोटो मजुरांचे कसे? आमचे म्हणणे असे की, कॅमेरा तोच आणि कॅमेऱ्यामागचा माणूसही तोच. बदलतो तो हुकूम देणारा. फोटो कोणाच्या गरजेसाठी काढला, यावरून त्यातला माणूस गुलाम दिसतो की स्वाभिमानी, हे ठरते.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. त्यात या देशातल्या जाती-जमातींची माणसे नमुन्यासारखी उभी केली आणि खाली त्यांच्या स्वभावाचे शेरे मारले. त्या माणसांना कोणी विचारले होते का? वरून मनुवादी व्यवस्थेने माणसाला जातीचे लेबल आधीच चिकटवून ठेवले होते. सरकारने त्याचा फोटो काढला, एवढेच!

आता स्वतःकडे पाहू. मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले, प्रत्यक्ष खाणीत उतरले. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. त्या दौऱ्यातले बाबासाहेबांचे महिला कामगारांसोबतचे छायाचित्र आपल्या घराघरांत, ग्रंथांत, कॅलेंडरांवर आहे. पण त्या भगिनींची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? त्यांचे गाव कोणते, मजुरी किती, हे आपण कधी शोधले? ज्यांच्यासाठी बाबासाहेब खाणीत उतरले, त्या आपल्याही लेखी अनामिकच राहिल्या.

मोरोकोचाचे पुढे काय झाले? १९७४ मध्ये पेरू सरकारने खाणींचे राष्ट्रीयीकरण केले, नंतर पुन्हा खासगीकरण झाले. चिनाल्को या चिनी कंपनीला तांब्यासाठी गावाखालचा डोंगरच हवा होता. २०१२ पासून सुमारे पाच हजार लोकांचे जुने गाव उठवून दुसरीकडे नेण्यात आले. काही कुटुंबांनी जागा सोडायला नकार दिला. इथे माणसे राहत होती, लग्ने करत होती, मयत पुरत होती, याची साक्ष आज ते फोटो देतात. फ्रॅन अँटमन या अमेरिकन अभ्यासक महिलेने रॉड्रिग्जच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाचा अभ्यास करून ते जगासमोर आणले. नाहीतर तेही गेले असते.

आमच्याही वस्त्या उठत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. गिरण्या गेल्या. चाळीतल्या भिंतीवरचा आजोबांचा गिरणीतल्या साथीदारांबरोबरचा फोटो, १९५६ च्या धम्मदीक्षेला पांढरी साडी नेसून निघालेल्या आजीचा फोटो, सामान हलवताना कचऱ्यात जातो. वकिलीच्या अनुभवातून आम्ही सांगतो, नुसता फोटो पुरावा म्हणून उभा राहत नाही. तो कोणी काढला, केव्हा काढला, त्यात कोण आहे, हे सांगणारा साक्षीदार लागतो. आपले साक्षीदार आज ऐंशी-नव्वदीत आहेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बुद्ध विहाराने येत्या वर्षावासात एक रविवार यासाठी ठेवावा. घरोघरचे जुने फोटो आणावेत, वडीलधाऱ्यांना बसवून प्रत्येकाचे नाव, गाव, काम आणि साल विचारावे, मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे लिहावे आणि त्याची प्रत विहारात जतन करावी. यासाठी सरकारी अनुदान लागत नाही, पुढारीही लागत नाही. एक वही आणि वेळ लागतो.

आपण नावे लिहिली नाहीत, तर उद्या कोणीतरी आपल्या फोटोंखाली पुन्हा जात लिहील. मग तक्रार कोणाकडे करणार?

जयभीम!