मागून येणाऱ्यांसाठी

माझ्याकडे एक म्हातारी मियाटा आहे. १९९७ सालची, दोन सीटची, छप्पर उघडणारी. बायको तिला 'सवत' म्हणते आणि तिच्यावरचा खर्च बघता ते फारसं चूक नाही.

मध्यंतरी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. कोड वाचला तर पी०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा गाडीचा स्वतःबद्दलच संशय. कॅलिफोर्नियात दिवा लागलेला असला की स्मॉग चेकमध्ये नापास. नवा कन्व्हर्टर घ्यायचा तर तोही राज्याने मान्य केलेलाच हवा. त्याचा आकडा ऐकून मला घाम फुटला.

एका मित्राने तोडगा सांगितला. "मागच्या सेन्सरखाली स्पेसर लाव. वीस डॉलरचं काम. दिवा बंद!" बेकायदेशीर आहे हे मला माहीत होतं. तरी मोह झाला, खोटं कशाला बोलू?

१९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतरही ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढचा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो, वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखा वरखाली नाचतो. मागचा मात्र शांत असायला हवा, कारण मधला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि वापरतो. मागचाही नाचायला लागला की समजायचं, कन्व्हर्टर थकला. स्पेसर त्या सेन्सरला धुराच्या झोतातून बाहेर ओढतो, म्हणून तो शांत दिसतो. थर्मामीटर गार पाण्यात बुडवायचा आणि पोराचा ताप उतरला म्हणायचं, तसंच हे.

मी विचारच करत होतो, तेवढ्यात एका रविवारी आम्ही हाफ मून बेला गेलो. मी छप्पर उघडून पुढे, बायको आणि लेक दुसऱ्या गाडीत मागे. उतरल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुझ्यामागे इतका वास येत होता की आम्ही काचा बंद केल्या."

मी पुढे मोकळ्या हवेत गाणी म्हणत होतो!

लहानपणी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून सायनच्या सिग्नलला नाकाला रुमाल लावायचो, ते आठवलं. मुंबईत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला १९९५ मध्ये. त्याआधी मागच्याला कोण विचारत होतं?

गाडीतली बाकी सगळी यंत्रं आत बसणाऱ्यासाठी असतात. कन्व्हर्टर मात्र मागून येणाऱ्यासाठी असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम अशा महाग धातूंचा पातळ थर, आणि त्याचा आपल्याला उपयोग काय? काही नाही. म्हणूनच तो काढून टाकावासा वाटतो. "इंजिनाचा गळा मोकळा होतो" म्हणणारे शौकीन मलाही भेटतात. माझ्यासारख्या साध्या, रस्त्यावरच्या मियाटात त्यातून हाती फारसं काही लागत नाही, आवाज मात्र वाढतो.

मेकॅनिकने तपासलं तेव्हा खरा चोर सापडला. पुढचा सेन्सर, कारखान्यातून आलेला पहिलाच, आळशी झाला होता. त्यामुळे इंजिनात पेट्रोल जास्त जात होतं, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्यालाच भाजून काढत होतं. सेन्सर वेळेवर बदलला असता तर कन्व्हर्टर वाचला असता. आता दोन्ही बदलले. (आई, हे वाचत असशील तर किंमत विचारू नकोस.)

जुन्या गाड्या पाळणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. दिवा लागला तर आधी पुढचा सेन्सर बघा, एक्झॉस्ट कुठे गळतोय का ते बघा, इंजिन ऑइल पितंय का ते बघा. दिव्याचं तोंड मात्र दाबू नका. आपला शौक लोक हसून चालवून घेतात, तो त्यांच्या नाकात जात नाही तोपर्यंतच.

असो. स्मॉग चेक पास झालो. पुढच्या रविवारी लेक मागच्या गाडीत काच खाली करून बसली होती. माझी परीक्षा खरं म्हणजे तीच होती.