कढई न चढलेल्या घरातला नाताळ



डिसेंबर निम्मा सरला की नगर जिल्ह्यात थंडी चांगलीच अंगात शिरते आणि ख्रिस्ती वस्त्यांमधून तळणाचा वास यायला लागतो. राहुरी असो, श्रीरामपूर असो, की नेवासे तालुक्यातलं वडाळा असो, दारोदारी कागदाच्या चांदण्या लागतात. चर्चमध्ये गव्हाणीसाठी पेंढा गोळा होतो. रात्री पेटी-तबला घेऊन गाणाऱ्यांची फेरी निघते. घराघरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे! दिवाळीचा डबा नुकताच रिकामा झालेला असतो, तोच हा दुसरा फराळ. ज्यांचे मित्र दोन्हीकडे, त्यांची तर चंगळच.

पण अशाच एखाद्या गल्लीत एक घर गप्प असतं. दारावर चांदणी नाही, आत तळणाचा वास नाही. त्या घरातली आजी गेलेली असते, किंवा बाबा, किंवा धाकटा भाऊ. "यंदा आमच्याकडे सण नाही," असं तिथलं मूल शाळेत सांगतं आणि पटकन दुसरा विषय काढतं. आपल्याकडे रीतच आहे, की ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, तिथे सणाची कढई चढत नाही. शेजारीपाजारी ताट भरून आणून देतात. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे अशी घरं गावोगाव होती.

त्या मुलाच्या मनात एक प्रश्न असतो. तो सहसा कोणाला विचारला जात नाही. 'चर्चमध्ये सगळे म्हणतात, आनंद करा. मला तर आनंद होत नाही. मग माझा विश्वासच कमी पडला का?' कधी याच्या उलटही होतं. एखादं गाणं ऐकून क्षणभर हसू फुटतं आणि लगेच मन टोचतं, 'बाबा गेले आणि मी हसतोय!'

आज या प्रश्नाबद्दलच बोलू या.

आधी पहिल्या नाताळाची गोष्ट नीट आठवा. नाटुकल्यात आपण देवदूत, मेंढपाळ आणि मागी लोक एवढेच दाखवतो. पण बायबलमधली गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. नावनोंदणीसाठी दिवस भरत आलेल्या मरीयेला नासरेथहून बेथलेहेमला जावं लागलं. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावं लागलं. पुढे हेरोद राजाने बेथलेहेममधल्या दोन वर्षांच्या आतल्या मुलग्यांना मारण्याचा हुकूम सोडला. योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन रातोरात मिसर देशाला पळाले. मागे राहिल्या त्या रडणाऱ्या आया.

हेरोदाने केलेलं हे सगळं मत्तयाने लिहून ठेवलं. सण खराब होईल म्हणून वगळलं नाही. कितीतरी चर्चमध्ये नाताळानंतर तीनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, त्या बाळांची आठवण केली जाते. म्हणजे नाताळाच्या गोष्टीत दुःखाला पहिल्यापासून जागा आहे. आणि ज्याचा हा वाढदिवस, तो येशू पुढे आपल्या मित्राच्या, लाजरच्या, कबरेपाशी सर्वांदेखत रडला. मग आपण रडलो तर आपला विश्वास कमी कसा?

आता आपल्या नगरचीच एक गोष्ट सांगतो.

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, येऊन राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाचेक वर्षं त्यांच्यापासून दूर होत्या. मग त्या नगरला आल्या आणि १९०० साली आपल्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांची काही मुलं लहानपणीच गेली होती. पण या घराचं दार सतत उघडं असे. अनाथ, आजारी, वाट चुकलेले, सगळ्यांना तिथे थारा मिळे. तुमच्या पाठ्यपुस्तकात 'औदुंबर' किंवा 'फुलराणी' ही कविता आली असेल. त्या लिहिणारे बालकवी ठोंबरे याच घरात राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं जपलं.

हेच बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघं सत्तावीस! एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. त्या वर्षीचा नाताळ लक्ष्मीबाईंना या दोघांशिवाय आला. चर्चमध्ये टिळकांचीच गाणी, आणि टिळक नाहीत! आजही मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडलं की त्यांची कितीतरी गाणी सापडतात.

टिळकांनी एक मोठं काम अर्धवट सोडलं होतं. येशूचं सगळं चरित्र ओव्यांतून सांगणारं 'ख्रिस्तायन'. त्यांचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. टिळकांनी शिकवलं तेवढंच शिक्षण. पण त्या पुढे लिहीत गेल्या आणि त्यांनी तब्बल ६४ अध्याय लिहिले! लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या आणि 'ख्रिस्तायन' १९३८ साली छापून आलं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र जरूर वाचा. त्यात मृत्यू आहे, गरिबी आहे, ताटातूट आहे. तरी पानापानावर हसू येतं. कारण ही बाई स्वतःवरसुद्धा मनापासून हसते.

हा आनंद कुठला? मौज वेगळी आणि हा आनंद वेगळा. मौजेला फटाके, नवे कपडे, भरलेलं घर लागतं. ते नसलं की ती संपते. ख्रिस्ती माणूस नाताळात ज्याला आनंद म्हणतो, त्याचं म्हणणं एवढंच असतं की देव दुरून बघत बसला नाही, तो आपल्या दुःखाच्या घरात राहायला आला, आणि मरणाने सगळं संपत नाही. हे मनात धरून रडताही येतं. डोळे ओले असताना हा आनंद आत असू शकतो, आणि कधी कधी तो फार बारीक असतो. तेवढा पुरतो.

तेव्हा, तुमच्या घरी यंदा कढई चढली नसेल तर थोडं ऐका. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. त्यांच्या आवडीचं गाणं म्हणा. आजीच्या हातची करंजी कशी असायची, ते आईला विचारा. चर्चमध्ये गळा दाटून आला तर मागच्या बाकावर बसा, मध्येच बाहेर आलात तरी चालेल. हसू आलं तर हसा, त्याने आजीवरचं प्रेम कमी होत नाही. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, असे बरेच दिवस चालले असतील, तर मोठ्या माणसाला, बाईंना किंवा पाळकांना मोकळेपणाने सांगा.

आणि असं घर तुमच्या मित्राचं असेल, तर मग तुमचं काम जास्त! तुम्ही ख्रिस्ती असा की नसा, 'काय बोलायचं' म्हणून टाळू नका. फराळाचं ताट द्या, पण देऊन पळू नका. दहा मिनिटं बसा. 'रडू नकोस' म्हणू नका. 'तुझे बाबा कसे होते रे?' असं विचारा आणि ऐका. नाताळात सगळेच येतात, जानेवारीत कोणी येत नाही. म्हणून जानेवारीतही एकदा जाऊन या.

चला तर, असं एक घर शोधून ठेवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!