गोळी हाती, ताट तेच

देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीने २०२३ मध्ये मांडला. मेटफॉर्मिनची गोळी यकृतातील साखरनिर्मिती कमी करते. तिचे मोल मी नाकारत नाही. पण उतारवयात झिजणारे स्नायू राखण्यासाठी प्रथिने आणि हालचालच हवी.

भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाच्या २००६ मधील निष्कर्षांनुसार, उंबरठ्यावरील व्यक्तींचा धोका आहार-व्यायामाने २८.५ टक्के, तर मेटफॉर्मिनने २६.४ टक्के घटला. दोन्ही एकत्र देऊनही अधिक लाभ झाला नाही. मग धोरणात आहार दुय्यम का?

अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना मोफत धान्य मिळते, ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. भूक भागवण्यासाठी ते आवश्यकच आहे. परंतु ‘भात कमी करा’ हा डॉक्टरांचा सल्ला, ताटात दुसरे काही असेल तरच गरिबाला पाळता येतो. म्हणून त्याच शिधापत्रिकेवर डाळ आणि भरडधान्ये नियमित मिळावीत, असे मला वाटते. वार्धक्य निरोगी हवे असेल, तर त्याची तरतूद दवाखान्याआधी रेशन दुकानात व्हायला हवी.